खोगिराचे जोड पक्के कसे करावेत?

खोगिराच्या कामात कानपूरचे नाव देशभर आहे. परंतु दुरुस्तीचे काम घोडे असतील तेथे निघतेच. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने पर्यटक घोड्यांवर बसतात. चामड्याचे काम जाणणाऱ्या कारागीर बंधूंसाठी काही सूचना आम्ही येथे देत आहोत.

वादी पाठीच्या चामड्यातून, कण्याच्या दिशेने लांब कापावी. पोटाकडचे चामडे सैल असते. ते ताणते आणि भोके लांबट होतात.

शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची घालावी. मशीनचा टाका तुटला की पुढची शिवण उसवत जाते. हातशिवणीत शेजारचे टाके धरून राहतात. ताण येतो तेथे वादीच्या रुंदीवर आडवी शिवण घालू नये. भोकांच्या आडव्या रांगेवर वादी पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते.

बक्कलच्या काट्यासाठी खाच करताना दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडावे. नुसत्या चिरेचे टोक पुढे फाटत जाते. वादी दुमडण्यासाठी रापीने छिलावी, पण दुमडीवरच फार पातळ करू नये. सगळा ओढा तिथेच असतो.

रिव्हेटचे भोक घट्ट असावे. तांब्याच्या रिव्हेटवर वॉशर बसवून दांडा सुमारे २ मि.मी. वर ठेवून कापावा आणि हलक्या ठोक्यांनी गोल करावा. जोराने ठोकल्यास दांडा आत वाकतो. लाकडी सांगाड्यात कडीसाठी साधा लोखंडी खिळा नको. घामाने तो गंजतो, भोक सैल होते आणि एके दिवशी कडी हातात येते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरावा.

इंग्रजी पद्धतीच्या खोगिराला प्रत्येक बाजूस तंगाच्या तीन वाद्या असतात. पहिली सहसा वेगळ्या पट्टीवर आणि उरलेल्या दोन एकाच पट्टीवर शिवतात. म्हणून तंग पहिल्या आणि उरलेल्यांपैकी एका वादीला आवळावा, असे ग्राहकाला जरूर सांगावे. एक पट्टी तुटली तरी दुसरी खोगीर धरते. रिकिबीची वादी अडकविण्याची दांडी ओतीव नव्हे, घडीव पोलादाची घ्यावी.

काम झाल्यावर प्रत्येक जोड ओढून पाहावा आणि मगच माल द्यावा. मजुरी ठरवितानाच चांगल्या सामानाची किंमत धरावी. खिळ्यात वाचविलेले चार पैसे स्वाराच्या जिवावर बेततात, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.