उणे तीसमधल्या कोंबड्या

मिनेसोटात, मिनियापोलिसच्या जवळ आमचं घर आहे आणि परसात कोंबड्या. जानेवारीत इथं पारा उणे वीस-पंचवीस सेल्सिअसला टेकणं काही नवं नाही. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसात तो उणे ३३ पर्यंत उतरला होता. इकडे नव्यानं आलेल्या मराठी घरांतून कुणी कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हीटर कोणता घेऊ?’ त्यांना जे सांगते, तेच इथं लिहिते आहे.

१. कोंबडीचा हिवाळ्यातला खरा वैरी थंडी नव्हे, ओल. तिच्या अंगाची ऊब असते ४१ अंशांच्या आसपास. पिसं फुलवून ती त्यांत हवा कोंडते आणि ती ऊब अंगाशी धरून ठेवते. पिसं ओलसर झाली की हे सगळं संपलं. आता बघा, रात्रभर सगळ्या कोंबड्या श्वास सोडतात, शिटतात. त्यातून केवढी वाफ उठते! थंडी म्हणून आपण खुराड्याची फट न् फट बुजवली, तर ती वाफ जाणार कुठं? ती भिंतींवर, काचेवर आणि तुऱ्यावर बसते. तुरा हिमदंशानं काळा पडतो तो बहुतेक असाच, बंद खुराड्यात.

म्हणून आढ्याजवळची झरोक्यांची जागा उणे तीसमध्येही उघडी ठेवायची. मात्र झोत बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर येता कामा नये. शेजारच्या आजोबांनी जन्मभर गुरं-कोंबड्या सांभाळल्या. ते टिश्यू पेपरची बारीक पट्टी बसायच्या दांडीपाशी धरतात आणि मग तीच छताजवळ नेतात. दांडीपाशी पट्टी गप्प लोंबायला हवी, वर मात्र हलायला हवी. दुसरी परीक्षा सकाळची. दार उघडून डोकं आत घाला. नाकाला अमोनिया झोंबला किंवा काचेला आतून बर्फाची साय धरलेली दिसली, तर झरोका कमी पडतोय. भुसा उकरून ओला भाग काढा आणि वर कोरडा पसरा.

२. उष्णतेचा लाल दिवा खुराड्यात लावू नका. हे मी हात जोडून सांगते. खाली कोरडा भुसा, हवेत पिसांची धूळ आणि त्यावर साखळीला टांगलेला अडीचशे वॉटचा तापलेला दिवा. एका कोंबडीनं पंख फडफडवला की तो खाली. दर हिवाळ्यात अशा आगी लागतात आणि कधी कधी घरापर्यंत पोचतात. शिवाय वादळात वीज गेली, तर उबेला सोकावलेल्या कोंबड्या एकदम गोठणाऱ्या अंधारात सापडतात.

३. बसायची दांडी गोल नको, रुंद हवी. इथल्या लाकूडवखारीत ‘टू बाय फोर’ म्हणून पट्टी मिळते, ती आडवी टाकली की साडेतीन इंचांची बैठक होते. कोंबडी तिच्यावर पाय पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर सोडते. उघड्या पायांची तिची मुळातच सोय आहे: पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच तापवतं. पण बोटं झाकायला जागा आपणच द्यायची.

४. जात बघून घ्या. वायनडॉट, ब्रह्मा अशा भरल्या पिसांच्या, बसक्या तुऱ्याच्या कोंबड्या इथं टिकतात. कॅनडातल्या क्युबेकमध्ये एका मठातल्या ब्रदरनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेअर ही जात मुद्दाम अशा हिवाळ्यासाठी घडवली. तुरा आणि गळ्याखालच्या लाल पाळ्या जवळजवळ नाहीतच. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण तिचा उंच तुरा म्हणजे दर रात्रीची काळजी.

५. पाणी गोठलं की कोंबडी दाणे खाणंही सोडते, आणि खाणं सुटलं की ऊब सुटली. तळाशी तापणारं भांडं असेल तर उत्तम. नसेल तर काळ्या रबराची घमेली घ्या; उलटी करून आपटली की बर्फाचा गोळा सुटतो आणि घमेलं फुटत नाही. खोल भांड्यात गळ्याच्या पाळ्या भिजतात, ते टाळा. आणि पाणी रात्री खुराड्यात ठेवू नका, आत ओल नको म्हणून.

६. संध्याकाळी पोटभर. नेहमीचं खाद्य दिवसभर समोर असतंच. मावळतीला वरून मूठभर भरडलेला मका टाकते. तो रात्रभर जिरत राहतो आणि अंगात ऊब तयार होते. माझी आई कोकणात कोंबड्या डालग्याखाली झाकताना एकेकीच्या मानेखालची दाण्याची पिशवी चाचपून बघायची. रिकामी लागली तर म्हणायची, ‘हिला काहीतरी होतंय गं.’ तेच मी इथं हातमोजा काढून करते. कडाक्याच्या रात्री ती पिशवी घट्ट भरलेली लागली की मला झोप लागते.

७. तुऱ्याचं टोक पांढुरकं, कडक दिसलं तर तो हिमदंश. चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. कोंबडीला घरात, फार गरम नसलेल्या जागी हळूहळू ऊब येऊ द्या. एकदा आणली की त्या रात्री परत बाहेर सोडू नका, कारण वितळून पुन्हा गोठलेला भाग जास्त बिघडतो. पुढं टोक काळं पडेल. ते कापायचं नाही, खालची जखम तेच झाकतं. सूज, पू किंवा लंगडणं दिसलं तर पशुवैद्याकडे.

८. अंडी कमी होतात ती थंडीपेक्षा उजेडाअभावी. कोंबडीला घालती राहायला साधारण चौदा तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात इथला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. पुष्कळ जण पहाटे टायमरवर साधा बल्ब लावतात. त्यात वावगं काही नाही. मी लावत नाही. शरद ऋतूत जुनी पिसं झडून नवी आलेली असतात, त्यात त्यांची बरीच ताकद गेलेली असते. तेवढी विश्रांती त्यांची हक्काची वाटते. जी थोडी अंडी मिळतात ती दुपारच्या आत उचला. गोठली की कवच तडकतं, आणि तडकलेलं अंडं मी घरात खायला घेत नाही.