घराला वास चांगला म्हणजे हवा चांगली नव्हे

ठाण्यात घर घेतलंस, छान झालं. पडद्यांचे रंग मग निवड, आधी आत्याच्या चार गोष्टी ऐकून घे.

घर घमघमलं की हवा शुद्ध झाली, हे डोक्यातून काढून टाक. उदबत्ती, धूप, फवारायचे सुगंध यांनी वास झाकला जातो आणि हवेत आणखी काहीतरी मिसळतं, एवढंच. देवापुढे एक उदबत्ती लाव, मी कशाला नाही म्हणू? पण खिडकी उघडी ठेव. डासांच्या कॉइलला मात्र घरात थारा देऊ नकोस. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवायची आपल्याकडे रीतच आहे. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं 2003 सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. त्यापेक्षा खिडक्यांना जाळी बसव, बाळाला मच्छरदाणी लाव.

आता खिडक्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून ‘ताजी हवा’ म्हणत सगळं सताड उघडू नकोस. थंडीत जमिनीलगतची गार हवा तळाशी बसून राहते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि रस्त्यावरचा धूर, बांधकामांची धूळ त्याखाली कोंडते. ऊन चढू दे, अकराच्या पुढे उघड. आणि समोरासमोरच्या उघड. हवेला यायला वाट लागते, तशी जायलाही लागते. रात्रभर एसी लावतेस ना? तो बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. सकाळी खोली कोंदट वाटते ती त्यामुळेच.

स्वयंपाकघरात ठसका लागल्यावर एक्झॉस्टचं बटण शोधण्यात अर्थ नाही. तेल तापायला ठेवतानाच तो लाव, गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहू दे. चिमणी घेणार असशील तर नळी बाहेर सोडलेलीच घे. बिननळीची चिमणी तेलकटपणा धरते, पण गॅसच्या ज्योतीतून निघालेले वायू पुन्हा घरातच सोडते. ज्योत पिवळी दिसली की बर्नर काढून घास.

आता तुमच्याकडची खरी पीडा, कबुतरं. डक्टमध्ये, एसीच्या यंत्रामागे घरटं करतात आणि आपण ‘बिचारी’ म्हणून सोडून देतो. त्यांची विष्ठा वाळली की भुकटी होऊन हवेत उडते. वर्षानुवर्षं ती श्वासात जात राहिली तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते आणि पुढे ती कायमची कडक होऊ शकतात. 2025 साली मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं, तेव्हा दादरला केवढा गदारोळ उठला! भूतदया मलाही कळते, पण आपल्या खिडकीत दाणे टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत. घाण काढताना कोरडी खरवडू नकोस, केरसुणी तर लावूच नकोस. नाकातोंडावर चांगला मास्क बांध, पाणी शिंपडून ती पुरती भिजव, मग पत्र्याने उचलून पिशवीत भर आणि तोंड घट्ट बांध. जागा धुतलीस की त्याच दिवशी जाळी मारून घे. उद्यावर टाकलंस तर ती पुन्हा आलीच समज.

मनीप्लांटच्या कुंड्या हौसेने ठेव. झाडं हवा शुद्ध करतात हे 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून पसरलं, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. राहत्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर बसायलाही जागा उरणार नाही. केर काढताना पंखा बंद, फर्निचरवर ओलं फडकं आणि गाद्या अधूनमधून कडक उन्हात, एवढं केलंस तरी पुष्कळ. कपाटात डांबराच्या गोळ्या घालायच्या असतील तर बाळाच्या कपड्यांपासून लांब ठेव. काही मुलांच्या रक्ताला त्यांचा त्रास होतो. त्याऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल.

राहिला गॅस गीझर. बंद न्हाणीघरात तो जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं, कडी काढायलाही माणूस उठू शकत नाही. दर थंडीत अशा बातम्या येतात. तेव्हा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घे आणि आत फक्त पाण्याचा पाइप आण. प्लंबर म्हणेल, ‘ताई, सगळे आतच लावतात.’ म्हणू दे. पाइप लांब जाईल, चार पैसे जास्त घेईल, ते देऊन टाक.