रुतलेला ट्रॅक्टर काढतांना

मृगानंतर काळ्या रानांत ज्यांना ट्रॅक्टर न्यावा लागतो, त्यांनी तो रुतणार असें धरूनच घरून निघावें. ही माती पाणी पितांच फुगते व टायरच्या खाचांत भरून बसते. मग चाक जागींच फिरून खोल जातें. म्हणून फावडें, दोन जाड फळ्या, मजबूत साखळी आणि पिण्याचें पाणी बरोबर असावें. कोणत्या शिवारांत जातों हें घरीं सांगावें. आडरानांत मोबाइल लागेलच असें नाहीं.

चाक जागीं फिरूं लागतांच थांबावें. रेस वाढविणें व्यर्थ होय. ट्रॉली सोडावी, चाकामागील माती उतरती काढून फळ्या घालाव्या व आल्या वाटेनें हळूहळू मागें यावें.

कित्येक ठिकाणीं मागच्या चाकांस आडवा ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढें काढतात. हा प्रकार आम्ही प्राणघातक समजतों. ओंडका अडून चाकें फिरेनाशीं झालीं म्हणजे इंजिनाचा सारा जोर ट्रॅक्टरचें तोंड उचलण्यांत जातो, आणि तो चालकावर उलटतो. क्लच दाबण्यासही सवड मिळत नाहीं. मागें येतांना हें भय नसतें.

दुसऱ्या ट्रॅक्टरनें ओढावयाचें झाल्यास त्याच्या ड्रॉबारलाच साखळी लावावी. टॉप लिंकच्या जागीं उंच बांधल्यास तोही तसाच उलटतो. झटका देऊं नये. तुटलेली साखळी गोळीसारखी येते, यास्तव पाहणाऱ्यांस (आणि ते अशा वेळीं हटकून जमतात) साखळीच्या दुप्पट अंतरावर उभें करावें.