‘जी-एच’ची मुकी जोडी : इंग्रजी वाचनातील एक अडचण

गोंदिया जिल्ह्यातील मुर्री या गावाचे नाव देवनागरीत जसे लिहिले जाते तसेच ते उच्चारले जाते. रोमन लिपीत मात्र एम, यू, आर, आर, आय अशी अक्षरे मांडावी लागतात. इंग्रजी वाचनाची सवय असलेल्या परक्या माणसास त्यातील ‘यू-आर-आर’ हा समूह दिसताच ‘हरी’ (घाई) आणि ‘करी’ (कालवण) हे शब्द आठवतील व तो गावाचे नाव ‘मरी’ असे वाचील. गावकऱ्यांस ते रुचणार नाही, हे सांगणे नकोच.

हाच अनुभव उलट दिशेने प्राथमिक शाळेतील मुलास येतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. या भागात घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी वा हिंदी बोलणारी मुले शाळेत देवनागरी शिकतात आणि लिहिले तसे वाचावे, एवढा विश्वास त्यांच्या मनात पक्का होतो. इंग्रजीच्या पुस्तकात तो विश्वास तुटतो आणि आपलेच डोके चालत नाही, असा समज मूल करून घेते. पुष्कळदा घरच्या मंडळींचा व शाळेचाही तोच समज होतो. तो दूर करावयाचा तर अडचण नेमकी कोठे आहे हे पाहिले पाहिजे.

‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे घ्यावीत. ‘थ्रू’ (मधून) या शब्दात त्यांचा उच्चार ऊ, ‘दो’ (जरी) मध्ये ओ, ‘टफ’ (चिवट) मध्ये अफ, ‘कॉफ’ (खोकला) मध्ये ऑफ, तर ‘थॉट’ (विचार) मध्ये नुसता ऑ होतो. धानाच्या या जिल्ह्यात मुलाच्या रोजच्या पाहण्यातला नांगर इंग्रजीत ‘प्लाउ’ होतो आणि तेथे हीच अक्षरे आउ अशी वाचावी लागतात. अमेरिकेत या शब्दातील शेवटची तीन अक्षरे काढून ‘डब्ल्यू’ लिहितात. आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची असल्याने ती सोय आपल्याला नाही.

या गोंधळाला कारण आहे. जुन्या इंग्रजीत ‘जी-एच’च्या जागी घशातून घासून येणारा, ‘ख’च्या जवळचा एक ध्वनी खरोखरच उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला आणि पुढे शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिर होत गेली. बोलणे मात्र बदलतच राहिले. तो घशातील ध्वनी बहुतेक शब्दांतून गळाला, काहींत त्याचा ‘फ’ झाला. अक्षरे तेवढी जागच्या जागी राहिली.

संस्कृत जाणणाऱ्या शिक्षकास येथे एक गंमत दिसेल. इंग्रजी ‘डॉटर’ (मुलगी) मधील मुका ‘जी-एच’ आणि ‘दुहिता’मधील ‘ह’ हे एकाच मूळ शब्दातून आले आहेत. ‘नाइट’ आणि ‘नक्त’ यांचेही नाते तसेच. श्रावण सोमवारी नक्त करणाऱ्या घरांत तो शब्द अद्याप ऐकू येतो. ‘एट’ व ‘अष्ट’, तसेच हलके या अर्थी ‘लाइट’ व ‘लघु’ हेही परस्परांचे दूरचे भाऊबंदच होत. लिहिले एक आणि वाचले दुसरे, हा प्रकार मराठीतही अगदीच नाही असे नाही. ‘चार गाई चार’ या तीन शब्दांत पहिला च तालव्य आहे, शेवटचा दंततालव्य. लिहिण्यात भेद नाही. मुलांना हे वाक्य मोठ्याने म्हणावयास लावले तर इंग्रजीवरचा त्यांचा राग बराच निवळेल.

प्रत्यक्ष अध्यापनात आरंभ ‘ओ-यू-जी-एच’ने करू नये. त्याआधी ‘आय-जी-एच-टी’ हा समूह घ्यावा, कारण तो बहुतांशी एकवचनी आहे. शिवाय त्यातील निम्मे शब्द मुलाच्या कानावरून शाळेपूर्वीच गेलेले असतात. ‘लाइट’ गेली हे तो रोज ऐकतो. ‘टाइट’, ‘फाइट’, ‘नाइट ड्यूटी’ हेही त्याच्या बोलण्यात असतात. उच्चार त्याचेच, अक्षरे तेवढी नवी. फळ्यावर शेवटची चार अक्षरे कायम ठेवून पहिले अक्षर पुसावे व दुसरे लिहावे, म्हणजे एकातून दहा शब्द उभे राहतात. या समूहाआधी ‘ई’ आल्यास उच्चार सहसा बदलतो, जसे ‘एट’ व ‘वेट’ (वजन). ‘हाइट’ (उंची) हा अपवाद मागाहून सांगावा.

त्यानंतर ‘ओ-यू-जी-एच’पुढे ‘टी’ असलेले शब्द घ्यावेत : ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘फॉट’, ‘थॉट’. येथेही एकच उच्चार सांभाळला जातो; ‘ड्राउट’ (अवर्षण) तेवढा वेगळा. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ यांची तिकडी दुसऱ्या आठवड्यात, आणि ‘थ्रू’, ‘दो’, ‘कॉफ’ हे एकटे शब्द एकेक करून, वाक्यातूनच यावेत. सर्व उच्चार एकाच तासात फळ्यावर मांडण्याचा मोह विद्वान शिक्षकास होतो. त्याने शिक्षकाचे ज्ञान दिसते, मुलाचे वाचन सुधारत नाही. एकच स्पेलिंग वीस वेळा उतरवून आणण्याचा गृहपाठही असाच. हाताला वळण लागते, पण अक्षरसमूह आणि ध्वनी यांची सांगड डोळ्याला दिसत नाही.

शाळेस भेट देणारे पंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद व अधिकारी मुलास उभे करून स्पेलिंग विचारतात. पाठ केलेले मूल ते धडाधडा सांगते आणि सर्वांचे समाधान होते. त्याऐवजी पुस्तकात नसलेला एखादा शब्द, समजा ‘ब्राइट’ किंवा ‘स्लाइट’, फळ्यावर लिहून तो वाचावयास सांगावा. ‘लाइट’ ज्यास खरोखर वाचता येतो, ते मूल क्षणभर थांबेल, ओठ हलवील आणि वाचील. ज्याने तो नुसता घोकला आहे, ते शिक्षकाकडे पाहील.