टाइप मिसमॅच, लाइन ४७

एका गृहनिर्माण सोसायटीच्या पावतीवर एकदा एकूण रक्कम छापून आली १२००५० रुपये. महिन्याची वर्गणी बाराशे, उशिराचा दंड पन्नास. सभासद पावती फडकवत सचिवांकडे गेले, सचिवांनी मला फोन केला आणि मी पान उघडून बसलो. एरर कुठेच नव्हती. पानाने आपल्या समजुतीप्रमाणे काम चोख केलं होतं: ‘१२००’ हा मजकूर आणि ‘५०’ हा मजकूर शेजारी शेजारी चिकटवून दिला होता.

अशी पानं, म्हणजे क्लासिक एएसपी, आत व्हीबीस्क्रिप्ट आणि मागे अ‍ॅक्सेस नाहीतर एसक्यूएल सर्व्हर, आता नव्याने कोणी लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने बंद करणार असल्याचं जाहीरही केलं. तरी कुठल्या तरी ऑफिसच्या कोपऱ्यात, धूळ खात पडलेल्या सर्व्हरवर ती चालूच असतात. दुसऱ्या भाषेत नेईपर्यंत ती सांभाळावी लागतात, आणि नेण्याआधी त्यांतल्या चुका काढल्या नाहीत तर त्याही सामानाबरोबर नव्या घरी येतात. मी वापरतो ती कृती पुढे देतो. आज्ञा इथे नागरीत लिहिल्या आहेत, पानात अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

१. पानाला बोलतं करा

आधी पानाची आणि डेटाबेसची नक्कल करून ठेवा. दुरुस्ती नकलेवर.

आयआयएस ७ पासून पुढे एएसपीची खरी एरर ब्राउझरला दिसत नाही. ‘सर्व्हरवर चूक झाली, व्यवस्थापकाशी संपर्क साधा’ अशा अर्थाचं एक निरुपयोगी वाक्य येतं, आणि व्यवस्थापक तर आपणच असतो. आयआयएस मॅनेजरमध्ये एएसपी, मग डीबगिंग प्रॉपर्टीज, तिथे ‘सेंड एरर्स टू ब्राउझर’ चालू करा. आता फाइलचं नाव, लाइन नंबर आणि एररचा कोड मिळू लागेल.

मग पानात आणि त्याच्या सगळ्या इन्क्लुड फाइलींत ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ शोधा. ही ओळ म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं. आधीच्या माणसाने ती का टाकली असेल हे समजतं, शुक्रवारी संध्याकाळी मीही टाकलेली आहे. जिथे सापडेल तिथे पुढे अपॉस्ट्रॉफी देऊन ती निकामी करा. पान एकाएकी चार ठिकाणी मोडेल. मोडू द्या.

२. ऑप्शन एक्सप्लिसिट

व्हीबीस्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल डिक्लेअर करण्याची सक्ती नाही. नाव लिहिलं की व्हेरिएबल जन्माला येतं. आपल्याकडे याचा फटका जरा जास्तच बसतो, कारण आपण नावं मराठीत ठेवतो आणि स्पेलिंग रोमनमध्ये करतो. ‘रक्कम’मध्ये के एक की दोन? ‘वर्गणी’ व्हीने की डब्ल्यूने? सकाळी एक सुचतं, दुपारी दुसरं. दुपारचं व्हेरिएबल नवीन आणि रिकामं असतं. बेरजेत ते शून्य धरलं जातं, मजकुरात कोरी जागा. दंड आकारलाच जात नाही आणि तक्रार करायलाही कोणी येत नाही. पैसे वाचलेला सभासद कशाला येईल?

उपाय एका ओळीचा: ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’. ती पानातली सगळ्यात पहिली आज्ञा हवी. वर फक्त भाषा आणि कोडपेज सांगणारी ओळ चालते. एचटीएमएलचा एखादा टॅग जरी आधी आला तरी ‘एक्स्पेक्टेड स्टेटमेंट’ अशी एरर येते. याच कारणाने ती इन्क्लुड फाइलीत ठेवू नका, मुख्य पानातच ठेवा.

आता पान चालवा. ‘व्हेरिएबल इज अनडिफाइन्ड’, कोड ८००ए०१एफ४, आणि पुढे त्या नावाचा उल्लेख. नाव खरंच नवीन असेल तर ‘डिम’ने डिक्लेअर करा, स्पेलिंग चुकलं असेल तर सुधारा. घाईने प्रत्येक नावाला ‘डिम’ लावत सुटलात तर चुकलेली स्पेलिंगं अधिकृत होऊन बसतील.

या टप्प्यावर तीन गोष्टी हमखास आडव्या येतात. ‘नेम रीडिफाइन्ड’, कोड ८००ए०४११: तेच नाव इन्क्लुड फाइलीतही डिक्लेअर झालंय, एक ‘डिम’ काढा. ‘एक्स्पेक्टेड एंड ऑफ स्टेटमेंट’, कोड ८००ए०४०१: कोणीतरी व्हीबीच्या सवयीने ‘डिम रक्कम अ‍ॅज इंटिजर’ लिहिलंय. व्हीबीस्क्रिप्टमध्ये ‘अ‍ॅज’ चालत नाही, कारण इथे टाइप एकच, व्हेरियंट. ‘अ‍ॅज’पासून पुढचं खोडा. तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. न डिक्लेअर केलेल्या नावाची एरर पान वाचताना येत नाही, ती ओळ प्रत्यक्ष चालल्यावरच येते. म्हणून पान नुसतं उघडून ‘चाललं’ म्हणू नका. नोंद भरा, दुरुस्त करा, खोडा, मुद्दाम चुकीचा सभासद क्रमांक द्या. प्रत्येक ‘इफ’च्या दोन्ही वाटा चालून पाहा.

३. टाइप विचारा, अंदाज बांधू नका

व्हेरिएबल व्हेरियंट असलं तरी आत काय भरलंय याला टाइप असतोच. एरर आलेल्या ओळीच्या आधी ‘रिस्पॉन्स डॉट राइट’ने त्या व्हेरिएबलचं ‘टाइपनेम’ छापा आणि किंमत चौकटी कंसात छापा, म्हणजे मागेपुढे चिकटलेली स्पेसही दिसेल.

त्या पावतीच्या पानावर मी हेच केलं. लाइन ४७ वर बेरीज होती. दोन्ही आकडे फॉर्ममधून थेट उचललेले, आणि टाइपनेमने दोघांसाठी उत्तर दिलं ‘आयस्ट्रिंगलिस्ट’, म्हणजे संख्या तर नाहीच, साधी स्ट्रिंगसुद्धा नाही, फॉर्मची एक वस्तू. तिची किंमत काढली की मजकूर मिळतो आणि दोन मजकुरांमधलं अधिक चिन्ह जोडणी करतं. एका बाजूला खरी संख्या असती तर त्याच चिन्हाने बेरीज केली असती. म्हणून ही चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. दंड आधी एका व्हेरिएबलमध्ये शून्य म्हणून ठेवलेला होता, तोवर पान बरोबर होतं. दंडाची चौकट फॉर्मवर आली आणि बिघडलं.

याचाच भाऊबंद म्हणजे तुलना. डेटाबेसातून आलेला सभासद क्रमांक १२ आणि पत्त्याच्या ओळीतून आलेला ‘१२’ समान आहेत का, असं विचारलं तर उत्तर नाही. एक संख्या, दुसरा मजकूर, आणि व्हीबीस्क्रिप्टच्या हिशेबात संख्या मजकुरापेक्षा कायम लहान. ड्रॉपडाउनमध्ये योग्य नाव निवडलेलं येत नाही, त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच. दोन्ही बाजूंना ‘सीस्ट्र’ लावा किंवा दोन्हींना ‘सीएलएनजी’.

४. उंबऱ्यावरच रूपांतर

फॉर्ममधून आलेली प्रत्येक किंमत पानाच्या सुरुवातीला एकदाच तपासून, बदलून आपल्या व्हेरिएबलमध्ये घ्या. ‘रिक्वेस्ट’ हा शब्द त्यानंतर पानात दिसता कामा नये. क्रम असा: ‘ट्रिम’, मग ‘इजन्यूमेरिक’, मग रूपांतर. रूपांतर कशात करायचं ते मात्र टेबलाचं डिझाइन उघडून ठरवा.

इथे नावं फसवतात. व्हीबीस्क्रिप्टचा इंटिजर ३२७६७ ला संपतो. अ‍ॅक्सेसचाही तेवढाच. एसक्यूएल सर्व्हरचा ‘इंट’ मात्र २१४७४८३६४७ पर्यंत जातो, म्हणजे व्हीबीस्क्रिप्टमधला तो लाँग. कोल्हापूरचा पिनकोड ४१६००१ ‘सीइंट’मधून काढून पाहा: ‘ओव्हरफ्लो’, कोड ८००ए०००६. महाराष्ट्रातला कुठलाही पिनकोड त्यात मावणार नाही. मी ‘सीइंट’ वापरणंच सोडलंय, सरळ ‘सीएलएनजी’. मोबाइल क्रमांक दहा आकडी, तो लाँगमध्येही मावत नाही. आणि मावला असता तरी त्याची बेरीज कोण करणार? मोबाइल, पिन, खाते क्रमांक ही नावं आहेत, संख्या नव्हेत. मजकूर म्हणूनच ठेवा.

पैशांना ‘सीसीयूआर’. ‘सीएलएनजी’ला १२५०.५० दिलं तर ते न बोलता १२५० करतं, आणि १२५१.५० चं १२५२: अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे झुकायचं अशी त्याची रीत. व्याजाच्या हिशेबात ही रीत महागात पडते.

‘इजन्यूमेरिक’वर फार विसंबू नका. ‘१ई५’ हे त्याला संख्याच वाटतं, एक लाख. वयस्कर सभासद मोबाइलवरून इंग्रजी ‘5’ ऐवजी मराठी ‘५’ भरतात. तपासणीआधी शून्य ते नऊ हे दहाही अंक ‘रिप्लेस’ने बदलून घेतले की प्रश्न मिटतो.

५. रिकामं म्हणजे कोणतं रिकामं?

घरात साखर संपली, साखरेचा डबा रिकामा आहे, आणि डब्यात काय आहे कोणास ठाऊक, या तीन गोष्टी वेगळ्या. व्हीबीस्क्रिप्टमध्येही तसंच. ‘एम्प्टी’ म्हणजे व्हेरिएबलला अजून काही दिलेलं नाही. ते ‘सीएलएनजी’मध्ये टाकलं तर निमूट शून्य मिळतं, आणि ‘इजन्यूमेरिक’ त्याला चक्क पास करतं. कोरा मजकूर, म्हणजे फॉर्मची न भरलेली चौकट, ‘सीएलएनजी’मध्ये टाकली तर ‘टाइप मिसमॅच’, कोड ८००ए०००डी. आणि डेटाबेसाच्या कॉलमातून आलेला ‘नल’ टाकला तर ‘इनव्हॅलिड यूज ऑफ नल’, कोड ८००ए००५ई. म्हणजे कोडवरूनच कळतं की दोष फॉर्मकडून आलाय की टेबलाकडून. नलला शून्य करण्याआधी मात्र विचार करा. दंड माहीत नाही आणि दंड नाही, या दोन गोष्टी वार्षिक सभेत सारख्या धरल्या जात नाहीत.

६. क्वेरी छापून बघा

डेटाबेसची एरर ‘एक्झिक्यूट’च्या ओळीवर दाखवली जाते, पण दोष त्या ओळीत जवळजवळ कधीच नसतो. ‘एक्झिक्यूट’च्या आधी पूर्ण एसक्यूएल मजकूर छापा आणि ‘रिस्पॉन्स डॉट एंड’ने पान थांबवा. छापलेली क्वेरी अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएल खिडकीत चिकटवून चालवा.

‘डेटा टाइप मिसमॅच इन क्रायटेरिया एक्स्प्रेशन’, कोड ८००४०ई०७: संख्येच्या कॉलमाला अवतरणात किंमत दिलीय, किंवा मजकुराच्या कॉलमाला अवतरणाशिवाय. ‘नो व्हॅल्यू गिव्हन फॉर वन ऑर मोअर रिक्वायर्ड पॅरामीटर्स’, कोड ८००४०ई१०: कॉलमाचं नाव चुकलंय, किंवा अवतरण नसलेला शब्द अ‍ॅक्सेसला कॉलमाचं नाव वाटलाय. पुन्हा तेच, व्ही की डब्ल्यू.

तारखेची चूक यापेक्षा वाईट, कारण तिला कोडच नाही. अ‍ॅक्सेसमध्ये तारीख दोन हॅश चिन्हांमध्ये लिहितात आणि ती अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, महिना आधी. सर्व्हरची मांडणी भारतीय केली तरी क्वेरीतली ही सवय सुटत नाही. ०५/०८/२०२४ म्हणजे तुमची ५ ऑगस्ट, अ‍ॅक्सेसची ८ मे. गंमत अशी की १५/०८/२०२४ दिलं तर पंधरावा महिना नसल्यामुळे ते मुकाट्याने १५ ऑगस्ट धरतं. तेराव्या दिवसापासून पुढे सगळं बरोबर, पहिल्या बारा दिवसांत गोंधळ, आणि वर्गणी भरायची मुदत नेमकी दहा तारीख. हॅशमध्ये २०२४-०८-०५ असं वर्ष-महिना-दिवस लिहा; एसक्यूएल सर्व्हरला अवतरणात २०२४०८०५. ‘इयर’, ‘मंथ’, ‘डे’ वेगळे काढून, एका अंकी आकड्याआधी शून्य जोडून हा मजकूर बनवणारं एक छोटं फंक्शन लिहून ठेवा.

७. पॅरामीटर

खरं तर क्वेरी तुकडे जोडून बनवूच नये. वसईच्या किंवा गोव्याच्या कुणा डिमेलोंनी डीनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन नाव भरलं की तिथेच अवतरण बंद होऊन क्वेरी मोडते. आणि वाईट हेतूच्या माणसाला त्याच फटीतून आत शिरता येतं. ‘एडीओडीबी डॉट कमांड’ घ्या, किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवा आणि प्रत्येकासाठी ‘क्रिएट पॅरामीटर’ने टाइप सांगा: लाँगला ३, तारखेला ७, मजकुराला २०२. मजकुराला लांबीही द्यावीच लागते, नाहीतर पॅरामीटर अर्धवट असल्याची तक्रार येते. अ‍ॅक्सेस नावांकडे पाहत नाही, क्रमाकडे पाहतं; तिसरं प्रश्नचिन्ह म्हणजे तिसरा पॅरामीटर.

मराठी मजकुरासाठी २०२ च हवा, २०० नव्हे, आणि एसक्यूएल सर्व्हरमधला कॉलम ‘एनव्हारचार’, पानाचं कोडपेज ६५००१. यातलं एक जरी चुकलं आणि टेबलात नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग गेली, तर अक्षरं कायमची गेली. कॉलमाचा टाइप नंतर बदलून ती परत येत नाहीत, रजिस्टर काढून हाताने भरावी लागतात. एकदा तीनशे नावं भरली आहेत.

८. शेवटची फेरी

एका कागदावर या किमती लिहा आणि फॉर्मच्या प्रत्येक चौकटीत एकेक करून भरा: काहीच नाही, नुसती स्पेस, शून्य, ३२७६८, १२५०.५०, १ई५, मराठी आकडे, ०५/०८/२०२४, अपॉस्ट्रॉफीचं आडनाव, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ असलेलं नाव. दर वेळी टेबल उघडून आत काय गेलं ते बघा. पडद्यावरच्या ‘नोंद झाली’ या वाक्यावर जाऊ नका. मग छापण्यासाठी टाकलेल्या ओळी काढा, ‘सेंड एरर्स टू ब्राउझर’ बंद करा, आणि दुरुस्त पान जागेवर ठेवा. जुनं पान लगेच खोडू नका, पुढच्या महिन्याच्या पावत्या निघेपर्यंत राहू द्या.