डोंगरयात्रेसाठीं लहान कॅमेरा

सुटींत सह्याद्रीवर जाणाऱ्या मुलांच्या पाठपिशवींत कोणता कॅमेरा असावा, हा प्रश्न आतां घरोघर निघतो. दुकानांतील आंकड्यांनीं डोळे दिपून पालकांचे कष्टाचे पैसे व्यर्थ जाऊं नयेत, एवढ्यासाठीं ह्या विषयाचा थोडा विचार करूं.

पहिली कसोटी ही कीं, कॅमेरा हाताशीं हवा. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर सकाळीं सूर्य पाठीमागें व दरींत धुकें असतां क्वचित् इंद्रवज्र दिसतें. आपल्याच सावलीभोंवतीं इंद्रधनुष्याचें वर्तुळ उमटतें. धुकें हललें कीं तें नाहींसें होतें. पिशवीच्या तळाशीं कपड्यांखालीं दडलेला कॅमेरा कितीही उत्तम असला तरी त्या वेळीं घरीं राहिल्यासारखाच होय. जुन्या कारागिरांस हें पक्कें ठाऊक होतें. कोडक कंपनीनें १९१२ सालीं काढलेल्या घडीच्या कॅमेऱ्याचें नांवच 'व्हेस्ट पॉकेट', म्हणजे बंडीच्या खिशांत मावणारा, असें होतें. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत सॉमरवेल यांनीं असाच कॅमेरा मॅलरी यांस दिला होता. (हेच सॉमरवेल पुढें त्रावणकोरांतील नेय्यूर येथें मिशनच्या इस्पितळांत शस्त्रवैद्य म्हणून राहिले.) ८ जून रोजीं मॅलरी व अर्व्हिन वर चढतांना शेवटचे दिसले. १९९९ सालीं मॅलरींचा देह सांपडला, परंतु त्याजवळ कॅमेरा नव्हता. ते शिखरावर पोंचले होते कीं नाहीं, ह्याची साक्ष कदाचित् त्या चिमुकल्या पेटींतच असेल.

दुसरी कसोटी प्रकाशाची. विक्रेता मेगापिक्सेल सांगतो. आपण आंतील प्रकाशग्राही फलकाचें माप विचारावें. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत हा फलक सुमारें ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरांचा असतो. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा फलक (कोणत्याही बाजूनें तो एक इंच नसतो, ही गंमतच) १३.२ × ८.८ मिलिमीटरांचा, म्हणजे क्षेत्रफळानें चौपट. भिंगाचें तोंड व उघडझांपेचा वेळ सारखाच ठेवल्यास मोठ्या फलकावर चौपट प्रकाश पडतो. केदारेश्वराच्या अंधाऱ्या गुहेंत किंवा संध्याकाळच्या धुक्यांत हा फरक एकदम दिसतो. २०१२ सालीं निघालेल्या सोनीच्या आरएक्स१०० ह्या कॅमेऱ्यांत असा फलक असून बॅटरीसह वजन २४० ग्रॅम होतें. म्हणजे मोठ्या फलकासाठीं ओझें वाहावेंच लागतें असें नाहीं.

मात्र असे कॅमेरे पावसास भितात. उलट, ऑलिंपसचा २०१९ चा टीजी-६ पाण्याखालीं १५ मीटरपर्यंत चाले, पण त्याचा फलक लहान. दोन्ही गुण एकाच खिशांत मिळणें कठीण. आमचें मत असें कीं, आषाढ-श्रावणांत भटकणाऱ्यानें पाणी न शिरणारा कॅमेरा घ्यावा. हिंवाळ्यांत जाणाऱ्यानें मोठा फलक पाहावा. दूरचें जवळ आणणाऱ्या 'डिजिटल झूम'च्या आंकड्यास तर मुळींच भुलूं नये. तें केवळ चित्र कातरून मोठें करणें होय.

मग हातांतला फोन काय वाईट? घरीं चांगला फोन असल्यास नवा खर्च करूं नये, असेंच आम्ही पालकांस सांगूं. अडचण एवढीच कीं, ओल्या बोटांना फोनचा पडदा नीट दाद देत नाहीं, आणि दिवसभर चित्रें घेऊन बॅटरी संपली तर संकटकाळीं हांक मारण्याचें साधनही संपतें. दोन दिवसांच्या मुक्कामास वेगळा कॅमेरा असावा, तो मुख्यतः ह्यासाठीं. नवाच हवा असें नाहीं. वापरलेला चालेल, पण भिंग उजेडासमोर धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाहीं ना, हें आधीं पाहावें.

कातळ चढतांना दोन्ही हात मोकळे हवेत. गळ्यांत लोंबणारा कॅमेरा खडकावर आपटतो व तोलही बिघडवितो. म्हणून तो छातीशीं घट्ट बांधलेल्या बंद पिशवींत ठेवावा. कड्यावर पोटावर पडून दरी पाहावी, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यांत पाहत असतां एकही पाऊल पुढें-मागें टाकूं नये. आधीं कॅमेरा खालीं घ्यावा, पायाखालची जागा पाहावी, मग हलावें. मुलांस कॅमेरा देतांना पालकांनीं हा नियम त्यांजकडून वदवून घ्यावा.

घरीं परतल्यावर कॅमेरा दमट पिशवींतून लगेच काढावा, कोरड्या फडक्यानें पुसून वाळवावा, आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा. पावसाळ्यांत ह्या पुड्या मधूनमधून बदलाव्या लागतात.