घोड्याचे आंबोण: कोंडा किती, पाणी किती

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. पुढे मार्गशीर्ष सरता सरता लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांची खरेदी-विक्री होते. राजस्थान, पंजाब, गुजरातेतून ट्रकमध्ये उभी राहून आलेली जनावरे पुन्हा दुसऱ्या गाडीत चढतात आणि नव्या मालकाच्या दारी उतरतात. घरात आनंद असतो. बायका ओवाळतात, आणि संध्याकाळी घमेलेभर गव्हाच्या कोंड्याचे गरम गरम आंबोण, वर गुळाचा खडा, घोड्यापुढे ठेवले जाते. “थकून आलाय, पोट साफ होईल.” भावना सोन्यासारखी आहे, पण आंबोणासाठी याहून चुकीची वेळ सापडणार नाही.

घोडा म्हणजे बैल नव्हे. त्याला चार कप्प्यांचे पोट नाही आणि उलटी करता येत नाही. चाऱ्याचे खरे पचन मागे, मोठ्या आतड्यात, कोट्यवधी जिवाणूंच्या भरवशावर होते. हे जिवाणू रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. खाणे अचानक बदलले की त्यांची घडी मोडते. आंबोणानंतर दुसऱ्या दिवशी लीद पातळ झाली की मालक समाधानाने म्हणतो, “बघा, पोट साफ झालं.” खरे तर कोंड्याला जुलाबाचे औषध समजण्याला आधार नाही. नेहमीच्या मापात दिलेला कोंडा घोड्याला रेच देत नाही. ती पातळ लीद बहुतेक वेळा आतडे बिघडल्याची खूण असते. प्रवासाने शिणलेल्या, कमी पाणी प्यायलेल्या, गाव आणि चारा दोन्ही बदललेल्या घोड्यावर त्याच दिवशी हा आणखी एक बदल कशाला लादायचा?

नव्या घोड्याला पहिले काही दिवस आधीच्या मालकाकडे मिळत होता तोच चारा द्या. सौदा करतानाच विचारून घ्या आणि जमल्यास त्यातलाच थोडा गाडीत टाकून आणा. नवा चारा, नवी चंदी दहा ते चौदा दिवसांत हळूहळू वाढवा.

मग जुने जाणकार घोडेवाले, पागेतले मोतद्दार चुकत होते का? पूर्ण नाही. इंग्रजी रिसाल्यांत आठवड्याच्या सुटीच्या दिवशी घोड्यांना कोंड्याचे आंबोण देण्याची रीत होती, आणि तिचा फायदा दिसतही होता. कामाच्या घोड्याला सुटीच्या दिवशीही पूर्ण चंदी घातली तर दुसऱ्या दिवशी कामावर नेताच त्याचे पुठ्ठे दगडासारखे आखडतात, लघवी काळपट होते. सुटीला चंदीऐवजी आंबोण दिले की धान्यातला स्टार्च आपोआप कमी होई आणि घोडा वाचे. गुण धान्य कमी केल्याचा होता, नाव कोंड्याचे झाले. आजही हे करता येते. ज्या दिवशी टांगा, वरात, शर्यत किंवा पर्यटकांची फेरी नाही, त्या दिवशी चंदी निम्मी करा आणि कडबा, गवत वाढवा. कोंडा लागत नाही.

आता कोंड्याचा खरा दोष. एक किलो गव्हाच्या कोंड्यात सुमारे १० ते १२ ग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जेमतेम दीड ग्रॅम. चारशे किलो वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याची दिवसाची गरज साधारण १६ ग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम फॉस्फरस. म्हणजे एक किलो कोंडा दिवसभराचा फॉस्फरस एकटाच भरून टाकतो आणि कॅल्शियमची बाजू जवळजवळ रिकामी ठेवतो. घोड्याच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवे, दीडपट ते दुप्पट असले तर उत्तम. हे प्रमाण महिनोन्महिने उलटे राहिले की शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडे पोखरू लागते.

सुरुवातीला घोडा कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडतो. नालबंद नाल बदलतो, मालक तेल चोळतो. पुढे चावताना त्रास होतो, दात सैल होतात, डोळ्यांखाली दोन्ही बाजूंची हाडे फुगून तोंड मोठे दिसू लागते. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा आजार पूर्वी इतका दिसे की इंग्रजीत त्याला गिरणीवाल्यांच्या नावानेच ओळखत. रक्त तपासले तरी कॅल्शियम बऱ्याचदा ठीक निघते, कारण ते हाडांतून भरून काढलेले असते. म्हणून डॉक्टरांना घोडा काय खातो ते सगळे सांगा. वाढीची शिंगरे, गाभण आणि दूध पाजणाऱ्या घोड्या यांना धोका सर्वांत जास्त.

यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट मिसळते. गाईम्हशींसाठी बांधावर लावलेला संकरित नेपियर घोड्यालाही टाकला जातो. या गवतात ऑक्झलेट असते, आणि ते चाऱ्यातले कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवते. नेपियर आणि वरून रोजचा कोंडा ही जोडी घोड्याच्या हाडांची वैरी आहे. गाईला नेपियर गोड, घोड्याला नाही, असे मी प्रत्येक गोठ्यात सांगत आलो आहे. कोकणात तांदळाचा कोंडा हाताशी असतो. त्यात फॉस्फरस गव्हाच्या कोंड्याहूनही जास्त असतो आणि तेलामुळे तो लवकर खवट होतो. घोड्याला तो नकोच.

कोंड्याचे गुणही सांगायला हवेत. त्यात पंधरा-सोळा टक्के प्रथिने आहेत. घोड्याला त्याची चव आवडते, त्यामुळे कडू औषध त्यात लपवता येते. दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्याला मऊ घास मिळतो. या कामांसाठी द्यायचाच असेल तर आठवड्यातून एकदा घमेलेभर देण्यापेक्षा रोज थोडा, ठरावीक मापाने द्या. मोठ्या घोड्याला अर्धा किलो पुरे, तट्टाला त्याहून कमी. अर्ध्या किलोत खाद्य दर्जाची चुनखडी पूड सुमारे २० ग्रॅम मिसळा. पानाला लावायचा किंवा भिंतीचा चुना चालणार नाही, तो तोंड आणि आतडी भाजतो. डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी) हेही नको, त्यात पुन्हा फॉस्फरस आहेच. सगळ्यांत सोपा उपाय लसूणघास: वाळलेल्या एका किलोत १२ ते १४ ग्रॅम कॅल्शियम मिळते, हिरवा असेल तर त्यासाठी पाचेक किलो लागतो.

कोंडा विकत घेताना हातात घेऊन वास घ्या. काही भागांत कोंड्यालाच भुसा म्हणतात, तेव्हा दुकानदाराला नीट विचारा. बुरशी, गुठळ्या, आंबूस वास असेल तर घोड्याला देऊ नका. कोरडा कोंडा तोबऱ्यात कधीच भरू नका, घशात अडकतो. घोड्याच्या आंबोणात कोंबडीखाद्य किंवा गाईचे तयार पशुखाद्य मिसळण्याची चूकही करू नका. त्यात मोनेन्सिन हे औषध असेल तर ते घोड्याच्या हृदयावर जाते आणि थोड्या प्रमाणातही जीव घेते.

आता मूळ प्रश्न: थंडीत घोड्याचे पोट साफ कसे राहावे? या दिवसांत चारा कोरडा असतो: कडबा, गव्हाचे काड, वाळले गवत. हौदातले पाणी पहाटे बर्फासारखे लागते आणि घोडा कमी पितो. मोठ्या आतड्याची नळी जिथे वळण घेऊन अरुंद होते, तिथे सुका चारा साचून पोटशूळ उठतो. आंबोण यावर उपाय वाटते, पण हिशेब करा. अर्ध्या किलो कोंड्यासोबत पोटात जाते दोन लिटर पाणी. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागते, कामावर असेल तर त्याहून जास्त. पाण्याची भरपाई पाण्यानेच होते.

सकाळी आणि संध्याकाळी पाणी कोमट करून ठेवा. शेतावर विहीर असेल तर ताजे उपसलेले पाणी पहाटे हौदातल्यापेक्षा ऊबदार असते, तेही चालेल. खाण्यात रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ घाला, तहान लागते. कडब्याची कुट्टी पाण्यात भिजवून द्या. कोंड्याचा वास आवडत असेल तर मूठभर कोंडा बादलीभर कोमट पाण्यात ढवळा, घोडा पाणी संपवतो आणि कोंड्याचा भार वाढत नाही. रोज थोडे चालवणेही हवेच, बांधून ठेवलेल्या घोड्याचे आतडे सुस्तावते.

लीद रोज मोजा. निरोगी घोडा दिवसातून आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे लहान, कोरडे, चिकट आवरणाचे झाले, घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन खुरपू लागला, वरचा ओठ उलटू लागला की चारा काढून घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. बाटलीने तोंडात तेल ओतू नका. ते श्वासनळीत गेले तर पोटाच्या दुखण्यावर फुप्फुसाचे दुखणे चढते. डॉक्टर नाकातून नळी घालून तेच तेल सुरक्षितपणे पोटात सोडतात. ते पोहोचेपर्यंत घोड्याला हळूहळू फिरवा, आणि शेवटची लीद कधी टाकली, पाणी किती प्याला, हे कागदावर लिहून ठेवा.